अठरा नखे

दर सोमवारी प्रार्थना आटोपली, की मी वर्गातल्या मुलांची नखे तपासतो. मुले बाकांवर दोन्ही पंजे पालथे पसरून बसतात आणि मी हातात लाकडी पट्टी घेऊन फौजदाराच्या ऐटीत रांगांतून फिरतो. पट्टी मारण्यासाठी नसते. निदान मी तरी तसे समजत आलो. पण वाढलेले नख दिसले, की ती बोटाशेजारी बाकावर टक्‌ करून वाजते, आणि त्या बोटाचा मालक दचकतो. वीस वर्षे हा रिवाज चालू आहे. अशा मनुष्याच्या घरी एक लांब नखांचा जीव येऊन राहावा आणि त्याची नखे कापताना त्या पट्टीवाल्या हातालाच कापरे भरावे, हा योगायोग मी कादंबरीत घातला असता, तर टीकाकारांनी मला धारेवर धरले असते.

हा जीव म्हणजे आमचा ससा. आमच्या कन्येने त्याचे नाव ठेवले आहे बाजीराव. नाव बाजीराव आणि स्वभाव भागूबाईचा! कुकरची शिटी झाली, की स्वारी पलंगाखाली. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, तेव्हापासून ठाणेकरांचे कान गाडीला सरावले आहेत. आम्ही कोपरीचे लोक तर तिच्या खडखडाटावरच झोपी जातो. बाजीरावांना मात्र प्रत्येक लोकल नवी. भोंगा ऐकला, की मागचा पाय जमिनीवर आपटून ते साऱ्या घराला धोक्याचा इशारा देतात.

त्यांची नखे वाढतात हा त्यांचा दोष नव्हे. पाळीव सशांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीत बिळे खणून राहणारे. खणता खणता नखे आपोआप झिजत. आपल्या माळरानावरचा ससा निराळा. तो बीळ करीत नाही, गवतात अंग चोरून बसतो. मराठीने मात्र दोघांनाही एकाच शब्दात कोंबले आहे. आमच्या दोन खोल्यांच्या गुळगुळीत फरशीवर बाजीरावांना, माझ्या हस्तलिखितांखेरीज, उकरण्यासारखे काहीच नाही. मग नखे वाढतात, वाकडी होतात, सतरंजीच्या धाग्यात अडकतात. एखादे मुळापासून निघण्याची भीती असते. म्हणून महिना-दीड महिन्याने ती कापावी लागतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा.

पहिल्या खेपेस मी ससा विकणाऱ्याने दाखवलेली युक्ती केली. बाजीरावांना मांडीवर उताणे निजवले आणि पोटावरून हात फिरवला. काय आश्चर्य! स्वारी एकदम निपचित. डोळे उघडे, पाय वर, हालचाल नाही.

"बघ, कसा शहाण्यासारखा पडला आहे," मी कन्येला म्हणालो. "आमच्या वर्गातल्या मुलांनी याच्यापासून शिकावे."

तीन नखे झाली. चौथ्याला कट्‌ असा आवाज झाला आणि काळसर नखाच्या टोकावर रक्ताचा टपोरा थेंब उभा राहिला. त्याच क्षणी त्या निपचित देहातून असा काही झटका आला, की नखकात्री एकीकडे आणि मी दुसरीकडे. कन्या रडू लागली. आईने स्वयंपाकघरातून कॉर्नफ्लॉवरचा डबा आणला. चिमूटभर पीठ नखावर दाबून धरले, तेव्हा कुठे रक्त थांबले. मग बाजीराव पलंगाखाली गेले ते रात्रीपर्यंत बाहेर आले नाहीत. कोथिंबिरीची जुडी तशीच सुकली. कन्या जेवली नाही, आणि माझ्याशी बोललीही नाही.

ससा उपाशी राहिला, की त्याच्या आतड्यांचे काम मंदावते आणि अर्ध्या दिवसातच प्रकरण जिवावर बेतू शकते, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे कळले. त्यांनी उपचार केले. दुपारी बाजीरावांनी कोथिंबिरीचे एक पान तोंडात धरले, तेव्हा आमच्या घरात दिवाळी झाली. पण डॉक्टरांचे एक वाक्य माझ्या मनातून जाईना.

"मास्तर, तो शांत नव्हता. भीतीने थिजला होता. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या सशाजवळ तेवढा एकच उपाय उरतो."

ते पुढे म्हणाले, की सशाच्या मागच्या पायांत जोर फार आणि पाठीचा कणा नाजूक. घाबरून लाथ झाडली, तर स्वतःचाच कणा मोडून घेईल. तेव्हा त्याला उताणा करायचा नाही, कानाला धरून उचलायचा तर नाहीच. टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरायचा, खालून पायांना आधार द्यायचा. काळ्या नखामागे बॅटरी धरली, की आतली रक्ताची शीर दिसते. तिच्या बरेच अलीकडे टोक उडवायचे.

घरी येऊन मी हे सारे शास्त्र सांगितले. आई शांतपणे म्हणाली, "अरे, तुझी नखं मी कशी कापली? तू मांडीवर झोपलास की एक बोट, दुसऱ्या दिवशी दुसरं. तिन्हीसांजा तेवढ्या टाळायच्या. अठराच्या अठरा आजच कापायची, असं कुणी सांगितलंय तुला?"

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. कन्या टॉवेलात बाजीरावांना धरते, आई बॅटरी दाखवते, आणि मी एका बैठकीस दोन किंवा तीन नखे कापतो. नाकाच्या फुरफुरण्याचा वेग वाढला, की थांबतो. कधी कधी एकच नख होते. ते झाले, की कोथिंबीर. घाई संपली आणि माझ्या हाताचे कापरेही गेले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यानंतरच्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे पट्टी घेऊन निघालो. तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याची नखे कधीच वाढलेली नसतात. दोन वर्षे मी त्याचे हात वर धरून वर्गाला दाखवत आलो : "बघा, स्वच्छता म्हणजे काय ती!" तो कधी बोलत नाही, हलत नाही. माझ्या लेखी वर्गातला सर्वांत शहाणा मुलगा. त्या दिवशी मी त्याची बोटे जवळून पाहिली. नखे कापलेली नव्हती. कुरतडलेली होती, पार मांसापर्यंत. एका बोटाच्या कडेला रक्त सुकले होते. आणि पट्टी माझ्या हातात असेपर्यंत त्याचे डोळे तिच्यावरून हलले नाहीत.

मुले नखे का खातात याची कारणे अनेक असतात, हे मी जाणतो. या मुलाच्या भीतीत माझा वाटा किती, हे मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही. परंतु दोन वर्षे मी थिजलेल्या जिवाला शिस्तीचे बक्षीस देत होतो, एवढे मात्र निश्चित.

त्या दिवशी पट्टी कपाटात गेली. नखे मी अजून तपासतो, पण बाकावर मुलांच्या शेजारी बसून, गप्पा मारीत. त्याला मी काही विचारले नाही. फक्त बाजीरावांची हकीकत सांगू लागलो. रोज थोडी, एका दिवशी एक-दोन नखे एवढीच. एकदा त्याने आपण होऊन विचारले, "सर, काल किती झाली?" दोन वर्षांत त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या सोमवारी मी त्याच्याजवळ बसलो. उजव्या अंगठ्याच्या नखाला पांढरी, बारीक कड आली होती. नियमाप्रमाणे ते वाढलेले नख होते. मी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे करून पुढे सरकलो.

बाहेर पहिले फटाके वाजू लागले आहेत. बाजीराव कन्येच्या मांडीवर टॉवेलात डोके खुपसून बसले आहेत. आजवर सतरा झाली. अठराव्याची घाई नाही.