रोहिणीतली फेरणी

पक्का भाजलेला कवेलू बोटाच्या पेराने ठोकला की खणखणीत वाजतो, आणि आतून तडकलेला असेल तर नुसतंच भद्द करून गप्प बसतो. वरून पाहिलं तर दोघे सारखेच. माजरीत मे महिन्याच्या शेवटी, ऊन चढायच्या आत, आमच्या छपरावरून हा आवाज उतरत राहायचा : टण, टण, टण, भद्द. मग क्षणभराची शांतता, मागच्या अंगणात काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आणि पुन्हा टण. मी खाली बाजेवर डोळे मिटून पडलेली असे आणि स्वतःशीच पैजा लावत असे, आता कोणता येणार. हरले तरी काही जात नसे.

रोहिणी लागते २५ मेच्या सुमारास आणि मृग ७-८ जूनला. घर फेरायचं ते या मधल्या दिवसांत. कवेलू काढायचा, त्यावरची काळी धूळ झटकायची, ठोकून पाहायचा आणि पुन्हा जागेवर बसवायचा. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४७च्या वर जातो तोही याच दिवसांत. म्हणून फेरणारे मामाजी दिवस उजाडताच शिडी लावत आणि नऊ वाजले की उतरत. त्यानंतर कवेलूला हात लावायची सोयच नसे. लहान भावाला वर चढायची भारी हौस. त्याला ते एकच सांगत, ‘पाय फाट्यावर ठेवजो, कवेलूवर नको.’ आणि तो नेमका कवेलूवर ठेवी.

आमच्याकडच्या छपराला विसावा कसा तो नव्हताच. कोळशाच्या खाणीत दुपारी बार उडाला की आधी जमीन हलल्यासारखी वाटे, मग भांड्यांची मांडणी किणकिणे आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर कवेलूंची एक बारीक थरथर आढ्यापासून वळचणीपर्यंत धावत जाई. वरून भुरभुर माती सांडे. आई काही न बोलता ताटावर पदर धरी. कवेलू रोज असे केसभर सरकत आणि वर्षाच्या शेवटी त्यांच्यात बोटभर फट पडलेली असे. उरलंसुरलं काम वांदरं करत. त्यांना अडवायला बाबा बोरीच्या काट्या टाकत. वांदरं त्या बाजूला सारून बसत. बिचारे बाबा!

त्या फटींमधून कवडसे यायचे. फेरणीच्या दिवशी आई लांब बांबू घेऊन घरभर फिरे आणि जिथून कवडसा येतो तिथे खालून टोचून दाखवी, ‘अजून इकडं... अजून थोडं... हां, तोच जी!’ वरून मामाजींचा हुंकार येई, कवेलू घासल्याचा खर्रकन आवाज होई आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवरचं ते रुपयाएवढं ऊन विझून जाई. मला वाईट वाटे. दुपारी त्याच कवडशाच्या तिरक्या खांबात कोळशाची भुकटी सोन्यासारखी चमकत वर-खाली तरंगायची, आणि घरात कवडसा कुठवर सरकला यावरून आजी चहाची वेळ ओळखायची. १९९५च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरच्या सकाळी सूर्यग्रहण लागलं, तेव्हा बाहेर पाहायची आम्हाला बंदी होती. पण घरातच, भिंतीवर, जमिनीवर, भावाच्या पाठीवर, जिथे जिथे गोल कवडसा पडायचा तिथे तिथे चंद्रकोर उमटली होती. गळकं घर असण्याचा एवढा मोठा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

एक कवेलू मी पुष्कळ दिवस जवळ ठेवला होता. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. कुंभार चाकावर मातीचं नळकांडं ओढतो, ते ओलं असतानाच दोन्ही अंगांनी चीर देतो आणि वाळल्यावर त्याचे दोन कवेलू होतात. माझ्या कवेलूच्या आतल्या बाजूने बोटांच्या चार रेघा गेल्या होत्या आणि काठाजवळ अंगठा जरा जास्तच दाबला गेला होता. त्या खळग्यात माझा अंगठा पुरता मावत नसे. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली साच्यातून कौलं काढायला सुरुवात केली, ती पुढे देशभर पोचली. आमच्या गावात ज्यांची ऐपत होती त्यांनी ती चढवलीही. सरळ, सारखी, एकमेकांत अडकून बसणारी. गळतही कमी. पण त्यांच्यावर कुणाचा अंगठा नव्हता.

लेहकडची मातीची सपाट छपरं मी चित्रांत पाहिली आहेत. मराठवाड्यातल्या माळवदावर तर पाहुणी म्हणून एक रात्र झोपलेही आहे. मातीच्या जाड थराखालची ती दुपारची गार खोली विसरता येत नाही, आणि १९९३ला किल्लारीच्या भूकंपात तोच भार घराघरांत माणसांवर कोसळला, हेही विसरता येत नाही. आमच्याकडे तसलं छप्पर टिकलंच नसतं. वर्षाला १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याआधी वाळवंटालाही लाजवील असं ऊन. पावसासाठी उतार हवा आणि उन्हासाठी श्वास. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा गुपचूप निघून जायची. भर दुपारी बाहेर डांबर मऊ होत असताना आमच्या माजघरात आजी घोरत असायची.

पुढे स्लॅब पडला. मी त्याला नावं ठेवणार नाही. मृगाच्या पहिल्या झडीत, मध्यरात्री उठून गंज, पराती, शेवटी पाळण्याखालीसुद्धा बादली सरकवत फिरणारी आई मी पाहिली आहे. ज्याने त्या रात्री पाहिल्या नाहीत त्याने कवेलूच्या घरावर गहिवरू नये. स्लॅबखाली ती पहिल्या पावसात सलग झोपली, ते सुख मोठं होतं. मात्र मे महिन्यात तोच स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री बारानंतर खोलीत ओततो. चुना लावा, ओली पोती अंथरा, कुलर घरघरत ठेवा, शेवटी गादी गच्चीवरच न्यावी लागते. आणि टण-भद्द असं काही नाही. स्लॅब वर्षानुवर्षं गप्प असतो, मग एक दिवस पोपडा सोडतो.

गोठ्यावर मात्र अजून कवेलू आहेत. टिना टाकून मोकळं होऊ, असं भाऊ दर उन्हाळ्यात म्हणतो. ‘टिनाखाली ढोरं भाजून मरतीन,’ एवढं बोलून आई विषय संपवते. मामाजी आता नाहीत आणि त्यांच्या मुलांनी हे काम धरलं नाही. तेव्हा गेल्या रोहिणीत भाऊच चढला. बाबांच्या दीडपट वजनाचा माणूस, फाटे कुरकुरायला लागले. ठोकायची त्याची रीत अगदीच धसमुसळी. चांगले कवेलूही त्याने भद्द ठरवून खाली टाकले. आई खालून बांबू घेऊन ओरडत होती, ‘अरे, तो चांगला होता! पेरानं ठोक, बुक्कीनं नाही!’ टाकलेल्यांतला एकेक उचलून तिने स्वतः वाजवून पाहिला, बरे निघाले ते टोपल्यात भरले आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढून पुन्हा त्याच्या हातात दिले.