ओढ आणि आज्ञा

कुत्र्याचे प्रशिक्षण म्हणजे त्याच्या मूळ स्वभावाला घातलेली वेसण, ही समजूत जुनी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील पोलीस आणि लष्करी श्वानशाळांमध्ये गळपट्ट्याचा हिसका हे शिक्षणाचे मुख्य साधन होते, आणि जर्मन पोलीस दलासाठी कुत्री तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यांच्या १९१० सालच्या पुस्तकात बक्षिसाचा विचार असला तरी भिस्त सक्तीवरच आहे. त्याच जर्मनीत पुढे एक वेगळा विचार आकाराला आला. कुत्र्याला जे करण्याची उपजत ओढ असते ती दाबून न टाकता तिच्या पूर्तीची वाट आज्ञापालनातून न्यावी, म्हणजे आज्ञा पाळणे हेच त्याला हवे ते मिळवण्याचे साधन होईल, असा हा विचार होता. या ओढीला प्रशिक्षकांच्या बोलीत ‘ड्राइव्ह’ म्हणतात. मराठीत तिला सहजप्रेरणा म्हणता येईल. तिच्यावर आधारलेल्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळा आता जर्मनीपुरत्या उरलेल्या नाहीत. युरोप-अमेरिकेतील श्वानक्रीडेच्या मंडळांत त्या नियमाने भरतात, आणि आपला कुत्रा हाक मारल्यावर परत का येत नाही एवढाच प्रश्न घेऊन आलेले साधे मालकही तेथे दिसतात.

या पद्धतीचे मूळ मात्र घरगुती कुत्र्यात नव्हते. माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी १८९९ साली जर्मन शेफर्ड जातीची संस्था स्थापन केली तेव्हा मेंढपाळी ओसरू लागली होती, त्यामुळे या जातीला पोलीस आणि लष्कराच्या कामाकडे वळवणे त्यांना आवश्यक वाटले. वीण पुढे चालवण्यास कोणता कुत्रा लायक हे ठरवण्यासाठी ज्या कसोट्या लावल्या जाऊ लागल्या त्यांतूनच शुट्झहुंड, म्हणजे संरक्षक कुत्र्याची परीक्षा, घडत गेली. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन भाग असून प्रत्येकाला शंभर गुण असतात. तिसऱ्या भागात कुत्र्याने जाड बाही घातलेल्या माणसाला पकडायचे असते आणि एका शब्दासरशी सोडायचेही असते. पाहणाऱ्याला पकडणे अवघड वाटते, प्रत्यक्षात सोडणे अवघड असते, आणि सगळी कला या दुसऱ्या गोष्टीत आहे.

प्रशिक्षक ज्या प्रेरणांची नावे घेतात त्यांत दोन मुख्य आहेत. पळत्या वस्तूमागे धावणे, तिला पकडणे, झटकणे आणि तोंडात घेऊन मिरवणे ही शिकारीची प्रेरणा. धोका समोर उभा राहिल्यावर अंगावर जाणे किंवा त्याला धाक दाखवून दूर लावणे ही बचावाची प्रेरणा. अन्नाची आणि कळपात राहण्याची ओढ यांचाही उल्लेख होतो, परंतु मैदानावर वेळ जातो तो पहिल्या दोहोंत. अनुभवी डोळ्याला त्यांतला फरक दुरूनच कळतो. शिकारीच्या भरात असलेला कुत्रा उंच, घाईच्या स्वरात भुंकतो, त्याचे कान पुढे असतात आणि सारे अंग वस्तूकडे झेपावते. बचावात असलेल्याचा स्वर खोल होतो, दात दिसू लागतात, पाठीवरचे केस उभे राहतात आणि कान मागे जातात. जर्मन प्रशिक्षक हेल्मुट रायझर यांनी शुट्झहुंडवरील आपल्या पुस्तकात मांडलेला भेद येथे फार उपयोगी ठरतो: शिकारीची प्रेरणा थकते, म्हणून तिचा खेळ कुत्र्याला हवाहवासा असतानाच थांबवावा लागतो, परंतु बचावाची प्रेरणा धोका असेतो थकत नाही आणि तिचा शेवट समोरच्याच्या माघारीत किंवा कुत्र्याच्या पळून जाण्यात होतो. कोवळ्या कुत्र्याला या दुसऱ्या प्रेरणेत ढकलले तर तो पळायला शिकतो, आणि एकदा शिकलेले पळणे सहसा विसरत नाही. धाक दाखवून कुत्रा ‘कडक’ करून देऊ म्हणणाऱ्यापासून मालकाने दूर राहावे, हे यातून आपोआपच निघते.

कार्यशाळेत कुत्रे एकेक करून मैदानात येतात आणि उरलेले गाड्यांत किंवा पिंजऱ्यांत थांबतात, त्यामुळे मालकाचा बराचसा दिवस कुंपणाबाहेर उभे राहून दुसऱ्यांचे कुत्रे पाहण्यात जातो. खरे शिक्षण तेथे होते. पहिला प्रयोग बहुधा साध्या गोणपाटाच्या चिंधीचा असतो. मालकाच्या हाती ती दिली की तो ती कुत्र्याच्या नाकासमोर नाचवतो, तोंडाशी नेतो, ‘घे, घे’ म्हणतो, आणि कुत्रा मान फिरवून गवत हुंगू लागतो. मग मालक निष्कर्ष काढतो की आपल्या कुत्र्यात खेळकरपणाच नाही. प्रशिक्षक तीच चिंधी घेतो, कुत्र्याकडे न पाहता ती जमिनीलगत दूर ओढतो, मध्येच थांबवतो, झटक्याने आडवी पळवतो, आणि ज्याला खेळ येत नव्हता तो कुत्रा दोरी ताणून उभा राहतो. कारण उघड आहे: कोणताही ससा लांडग्याच्या तोंडात स्वतःहून शिरत नाही, जे अंगावर येते ते सावज नसून संकट असते, आणि मालकाने प्रेमाने पुढे केलेली चिंधी कुत्र्याच्या मेंदूने नेमकी त्याच खात्यात टाकलेली असते. त्यानंतर कुत्र्याला दोन-तीनदा हुलकावणी दिली जाते. न मिळाल्याने त्याची ओढ चढत जाते, आणि शेवटी चिंधी त्याच्या दातांत येते तेव्हा ती लगेच हिसकावून न घेता त्याला मैदानभर मिरवू दिली जाते. मिळवलेली वस्तू काही काळ आपली राहते ही खात्री नसेल तर कुत्रा ती घट्ट आणि शांतपणे धरत नाही. तो दातांच्या टोकांनी अस्वस्थपणे चघळत राहतो. परीक्षक पूर्ण जबड्याच्या निश्चल पकडीला गुण देतात ते याचसाठी.

यानंतर ‘सोड’ ही आज्ञा येते, आणि जुन्या व नव्या पद्धतींतील अंतर येथे सर्वांत स्पष्ट दिसते. जुन्या पद्धतीत न सोडणाऱ्याला हिसका बसे, त्यामुळे सोडणे म्हणजे गमावणे हे समीकरण पक्के होऊन पकड अधिकच चिवट बने. प्रेरणांवर काम करणारा प्रशिक्षक चिंधी अंगाशी धरून दगडासारखा निश्चल होतो. सावज मेले की पाठलागाची मजा संपते, कुत्र्याची पकड सैलावते, तोंड उघडते, आणि त्याच क्षणी चिंधी पुन्हा जिवंत होऊन पळू लागते. सोडले की खेळ सुरू होतो हे कुत्र्याला काही पुनरावृत्तींतच उमगते आणि मग तो आज्ञेची वाट पाहू लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ साली मांडलेले तत्त्व हेच आहे की प्राणी जे आवडीने वारंवार करतो ते, तो क्वचित करतो त्या वर्तनाचे बक्षीस होऊ शकते. आजी नातवाला भाजी संपल्यावर लाडू देते तेव्हा ती हेच करत असते, फक्त तिला कोणी शोधनिबंध लिहायला सांगितलेले नसते.

पद्धत यशस्वी आहे म्हणून तिच्यामागचा सिद्धान्त खरा ठरत नाही, ही गोष्ट कार्यशाळेत सहसा कोणी बोलत नाही. प्रेरणा ‘साठते’, ‘भरते’, ‘वाट मिळाली की वाहते’ ही जी भाषा मैदानावर ऐकू येते तिचा उगम कोनराड लोरेंट्स या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाच्या प्रतिमानात आहे, ज्यात प्रत्येक सहजवर्तनासाठी प्राण्याच्या अंगी जणू एक टाकी असून ती आपोआप भरत राहते अशी कल्पना केलेली होती. लोरेंट्स यांना १९७३ साली नोबेल मिळाले, परंतु अमेरिकी प्राणिवर्तनशास्त्रज्ञ डॅनियल लेहरमन यांनी त्यापूर्वी वीस वर्षे, १९५३ सालीच, या विचारावर कठोर टीका केली होती. उपजत आणि शिकलेले अशी वर्तनाची सरळ फाळणी होत नाही आणि वाढीच्या काळातील अनुभव दोन्हींना घडवत असतो, हा तिचा गाभा होता. त्यापेक्षा श्वानवर्तनाचे अभ्यासक रेमंड कॉपिंजर यांनी मांडलेली रचना व्यवहाराला अधिक जवळची वाटते. त्यांच्या मते लांडग्याची शिकार ही रोखून पाहणे, दबा धरणे, पाठलाग, पकडीचा चावा, मारण्याचा चावा आणि फाडणे अशी साखळी असून माणसाने निवडक विणीतून तिच्या काही कड्या ठळक केल्या आणि काही पुसट केल्या. बॉर्डर कॉली रोखून पाहतो, दबा धरतो आणि धावतो, पण चावत नाही. रिट्रीव्हर उचलून आणतो, पण फाडत नाही. आणि कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्यात या साखळीचा बहुतेक भाग जागाच होत नाही. असे असेल तर ‘या कुत्र्यात ड्राइव्ह किती’ या प्रश्नापेक्षा ‘कोणती कडी’ हा प्रश्न अधिक अचूक आहे.

प्रेरणा वापरता येते तशी ती उलटतेही. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्याकडे शिकलेल्या केलर आणि मेरियन ब्रेलंड या दांपत्याने अमेरिकेत जाहिराती आणि करमणुकीसाठी असंख्य प्राणी शिकवले, आणि १९६१ साली त्यांनी आपल्या अपयशांवरच एक निबंध प्रसिद्ध केला. मोठी लाकडी नाणी उचलून गल्ल्यात टाकायला शिकवलेले डुक्कर काही आठवड्यांनी नाणे वाटेत टाकून नाकाने उकरू लागे. रॅकूनला दोन नाणी दिली की तो ती सोडण्याऐवजी एकमेकांवर घासत बसे. अन्नाच्या बक्षिसाने नाणे अन्नासारखे झाले, आणि अन्नाशी तो प्राणी जसा वागतो तसाच नाण्याशी वागू लागला. त्यामुळे त्याला बक्षीस मिळण्यास उशीर होई, तरीही तो थांबत नसे. चेंडूच्या नादाने शिकवलेला कुत्रा चेंडू दिसताच सारे शिक्षण विसरून किंचाळत उड्या मारतो, तेव्हा मालकाने दोष कुत्र्याच्या हट्टाला देण्याआधी हा निबंध आठवावा.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मराठवाड्यातील कारवान आणि घोरपड्यांच्या संस्थानाच्या नावाने ओळखला जाणारा मुधोळ ही नजरेने शिकार करणारी, लांब पायांची, पाठलागासाठीच घडलेली कुत्री आहेत. त्यांच्या पिढ्यांनी सशामागे धावून आपली भाकरी कमावली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार बेकायदा ठरवली, जे योग्यच झाले. पण धावण्याची ओढ कायद्याने संपत नाही. भारतीय लष्कराने २०१६ च्या सुमारास मुधोळ कुत्र्यांची चाचणी घेण्यास सुरुवात केली, तेव्हा लष्करासमोरील एक आव्हान हेच होते की नजरेच्या कुत्र्याकडून नाकाचे काम करून घ्यायचे. याउलट दख्खनच्या माळांवर धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारा कुत्रा मेंढरांमागे धावत नाही, त्यांच्यात झोपतो आणि लांडगा आला की उठतो. त्याला कोणत्याही कार्यशाळेत नेलेले नसते; पिलू असल्यापासून तो मेंढरांत वाढतो, आणि लेहरमन यांनी म्हटलेला वाढीचा अनुभव त्याचे काम करतो.

या साऱ्यात एक अडचण राहते, आणि ती शास्त्रापेक्षा बाजाराची आहे. कामाच्या कुत्र्यांची पैदास करणारे तीव्र प्रेरणेचा माल म्हणून गौरव करतात, चित्रफितींत भिंतीवरून झेपावणारा बेल्जियन मॅलिनॉइस पाहून शहरी कुटुंबे त्याचे पिलू आणतात, आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत त्या ओढीला चिंधी मिळत नाही म्हणून सोफा, पडदे आणि शेवटी सायकलवरचे शेजारचे मूल ही तिची लक्ष्ये होतात. कार्यशाळा अशा कुटुंबाला ओढ चढवणे दोन दिवसांत शिकवते. ती उतरवणे, कुत्र्याला काही न करता शांत पडून राहायला शिकवणे, याला मात्र कंटाळवाणे म्हणून शेवटचा अर्धा तास मिळाला तर मिळतो. हा क्रम उलटा हवा. शांत पडून राहण्याचा धडा पहिल्या सत्रात घ्यावा, आणि ज्याला रोज मोकळे मैदान आणि स्वतःचा पुरेसा वेळ देता येणार नाही त्याने मॅलिनॉइस आणू नये, हे आयोजकांनी शुल्क घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे.