वाकडपासून विद्यापीठ किती दूर?

मुंबई-बंगळूरु महामार्गाने पुण्याकडे येताना मुळा नदी ओलांडण्याआधी वाकड लागते. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला येते, तेव्हा या वस्तीचे मूळचे गावपण अजून जागे होते. एरवी ते उंच इमारतींच्या मागे झाकलेले असते. १९९७ मध्ये वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. पलीकडे हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र वाढत गेले आणि ज्वारीच्या शेतांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. त्या सदनिकांना फरशा, नळ, रंग आणि दिवे पुरविण्यासाठी व्यापारी आले. त्यांत आपल्या समाजातील कुटुंबेही होती.

शेजारच्या ताथवड्यात अभियांत्रिकीची आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये आहेत. त्यामुळे वाकडच्या गल्ल्यांमधून जळगाव, लातूर, सोलापूरकडील मुले खोल्या घेऊन राहतात. सोलापूरला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे, कोल्हापूरला तर १९६२ पासून. तरीही मुले येथे येतात. रात्री दहा वाजता आईशी दूरध्वनीवर बोलत भूमकर चौकात उभ्या असलेल्या त्या मुलांच्या दृष्टीने वाकड हेच दूरचे विद्यापीठ. आणि त्याच चौकावर सज्जा असलेल्या एका घरात गेल्या उन्हाळ्यात प्रश्न पडला होता, की मुलीने वाकड सोडावे की नाही.

घर फरशांच्या व्यापाऱ्याचे. कन्या एकुलती एक, बारावी वाणिज्य. एका बाजूला पुण्यातील महाविद्यालय, दुसऱ्या बाजूला दिल्ली विद्यापीठ. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक परीक्षा आहे. ती तिने दिली होती आणि गुणही चांगले मिळाले होते. वडिलांचे मत पुण्याकडे, आईचे मत वडिलांकडे.

व्यापारी घर असल्यामुळे हिशेब मांडला गेला. पुण्याचे शुल्क आणि दिल्लीचे शुल्क यांत डोळे फिरावेत असे अंतर नव्हते. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. वसतिगृहाचा खर्चही शैक्षणिक कर्जात धरता येतो, परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर काही काळाने सुरू होते, आणि जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यास व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही. दुकानासाठी बँकेची मर्यादा दरवर्षी वाढवून घेणारी माणसे मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज म्हटले की संकोचतात, हे एक नवलच आहे. या घरातही कर्जाचा विषय निघाला तसा मिटला.

मग अंतर मोजले. वाकडपासून गणेशखिंडीतील विद्यापीठ चौक दहा-बारा किलोमीटर. त्या चौकातील जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, तेव्हापासून तेथील बांधकामाचा धसका प्रवाशांच्या मनातून गेलेला नाही. औंधमार्गे जा की बाणेरमार्गे, गर्दीच्या वेळी तास धरावाच लागतो. येऊन-जाऊन दोन तास, आठवड्याचे बारा. दिल्ली चौदाशे किलोमीटरहून दूर. परंतु तेथे वसतिगृह मिळाले तर वर्ग चालत गाठता येतो.

आहाराचा मुद्दा आजींनी काढला. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि कंदमुळांचा त्याग परमुलखात सांभाळायचा कसा? मुलीने दिल्ली मेट्रोचा नकाशा पुढे केला. विश्वविद्यालय स्थानकापासून चांदणी चौक हे चौथे स्थानक. तेथे लाल किल्ल्यासमोर जुने लाल मंदिर, भोवती पिढ्यान्‌पिढ्यांची जैन वस्ती. आजींनी चष्मा लावून स्थानके बोटाने मोजली. पुण्याच्या महाविद्यालयातून पाच वाजता सुटलेली मुलगी हिवाळ्यात सूर्यास्तापूर्वी वाकडला पोहोचेल काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

आजोबा इतका वेळ गप्प होते. अठ्ठ्याहत्तरीचे हे गृहस्थ मूळचे बार्शीचे. १९६५ मध्ये ते बी.कॉम.साठी पुण्याला निघाले, तेव्हा बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंत छोटी गाडी होती, तेथे गाडी बदलायची. ट्रंकेत दशम्या आणि खाकऱ्यांचा डबा. पुणे विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा सोळाच वर्षे झाली होती. १९४९ पूर्वी पुण्यात शिकणाऱ्यालाही पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळत असे. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत वडील आजारी पडल्याची तार आली आणि ते आडतीवर बसले. पुस्तके ट्रंकेतच राहिली. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. तरीही नातवंडांना ते आडतीच्या गोष्टी क्वचित सांगतात. त्या सव्वा वर्षाच्या मात्र पुन्हा पुन्हा.

“दादाजी, तुम्हीच सांगा,” मुलगी म्हणाली.

त्यांनी मुलाकडे पाहिले. “दुकानाचे जीएसटीचे विवरणपत्र कोण भरते?”

वडिलांनी उत्तर दिले नाही. दोन वर्षे ते काम मुलगीच करीत होती. उधारीची वही, कारखान्यांना पाठवायचे संदेश, महिनाअखेरचा मेळ, सारे रात्री नऊनंतर जेवणाच्या टेबलावर. सुरक्षितता, आहार, खर्च या तिन्ही कारणांत तथ्य होते. पण चौथे कारण कोणाच्या ओठांवर आले नव्हते. घराजवळचे शिक्षण स्वस्त असते असे आपण सहज म्हणतो. त्या स्वस्ताईत घरी राहणाऱ्या मुलाचे, आणि अधिक करून मुलीचे, किती तास फुकट धरलेले असतात, ते कोणत्याही खतावणीत लिहिलेले नसते. दुकानाला हातभार लावणे कमीपणाचे नाही. आपल्या घरांतील मुले व्यवहार त्यातूनच शिकली. परंतु हातभार आणि वेठ यांतील रेषा आपापल्या घरात आपणच पाहावी लागते.

“तार आली तर?” वडिलांनी हळूच विचारले.

“तार आता बंद झाली,” आजोबा म्हणाले. “आणि मी आजारी पडलो तर तिला कळवू नका. तू आहेस ना?”

आई उठून आत गेली. त्या रात्री बैठक तशीच संपली.

प्रवेशयादीत जागा मिळाली की शुल्क भरण्यास दिवस थोडेच असतात. मुलीने स्वतः होऊन विषय काढला नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी वडिलांनी दुकानातूनच आपल्या खात्यातून रक्कम भरली आणि पावतीचे छायाचित्र घरी पाठविले. सोबत एक अक्षरही लिहिले नाही.

पुढच्या सोमवारी दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटलेला होता : हिशेबनीस पाहिजे. अर्धवेळ चालेल.