बोटभर फट

मे महिना सरत आला की माझा फोन थांबत नाही. रत्नागिरीत मी २८ वर्षं दारं, खिडक्या आणि शटरं बसवतोय. या दिवसांतल्या दहांपैकी सात फोनवर मागणी एकच असते : "गाडीच्या खोलीत पाणी येतं, शटरखाली रबर मारून द्या." पूर्वी मी रबराचं वेटोळं उचलून लगेच निघायचो. आता आधी पाणसळ पिशवीत टाकतो.

कारण पाणी बहुतेक वेळा जमिनीच्या ढाळामुळे येतं. आमच्याकडची घरं उतारावर. बांधली तेव्हा जोतं रस्त्याच्या वर होतं. मग रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि जोतं रस्त्याच्या पातळीला आलं. अंगणात गाडीसाठी काँक्रीट घालताना गवंड्याने रस्त्याची उंची धरली, की ढाळ घराकडे झालाच. मग रस्त्यावरून वाहणारं पाणी शटरच्या पायाशी येऊन उभं राहतं. असं साचलेलं पाणी रबर अडवू शकत नाही. तासा-दोन तासांत ते कुठल्या तरी कोपऱ्यातून आत शिरतंच. अशा घरी मी पहिल्यांदा शटरच्या बाहेर, दाराच्या पूर्ण रुंदीला, सहा इंच रुंदीचं गटार काढायला सांगतो. वर लोखंडी जाळी, आणि जाळी उचलता येईल अशी. ती चुन्यात पक्की बसवली तर पहिल्याच पावसात फणसाच्या पानांनी गटार भरतं आणि सगळा खर्च वाया जातो.

जुन्या कोकणी घरांत हा प्रश्नच नव्हता. पुढे अंगण, मग पडवी, ओटी, आणि दार त्याच्याही आत. पागोळ्या जोत्याबाहेर पडायच्या, झड आलीच तर पडवीत विरायची. झाप बांधले की तेवढीही आत येत नसे. आणि दारात उंबरठा होता. आपण तो पूजेचा म्हणून लक्षात ठेवला, पण आतली आणि बाहेरची जमीन वेगळी ठेवणं हेही त्याचं काम होतं. गाडीची खोली आली तेव्हा चाकासाठी आपण उंबरठा काढला आणि त्याचं काम दुसऱ्या कशालाच दिलं नाही. वर ही खोली घराच्या दर्शनी बाजूला, तिला पडवी नाही, छज्जा असला तर दीड फुटांचा. नैऋत्येकडे तोंड असेल तर झड थेट शटरवर.

म्हणून मी दीड इंचाची पायरी मागतो. आतली लादी दीड इंच वर, बाहेरचा भाग खाली आणि बाहेरच्या बाजूला ढाळ, पन्नास इंचांना एक इंच. शटरची खालची पट्टी वरच्या लादीवर टेकता कामा नये. पायरीच्या बाहेर, खालच्या भागावर टेकली पाहिजे, म्हणजे पट्ट्यांवरून ओघळलेलं पाणी बाहेरच्या बाहेर पडतं. पायरीची कड जरा तासून घेतली की चाकाला ती जाणवतही नाही.

दीडच इंच का, हे लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. ताशी ७२ किलोमीटरचा वारा समोरून दारावर आपटला की तो पाण्याला साधारण २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच उंच ढकलू शकतो. वेग दीडपट झाला तर दाब सव्वादोन पट होतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तसल्या वाऱ्यापुढे दीड इंच पुरणार नाही. पण दरवर्षीच्या पावसाळी झोताला पुरतो. शिवाय पाणी वाऱ्याविनाही चढतं. एक मिलिमीटरच्या फटीत ते स्वतःच्या ओढीने दीड सेंटीमीटरपर्यंत वर जाऊ शकतं. त्यामुळे फट जितकी बारीक तितकी सुरक्षित, हा समज मला रोज खोडून काढावा लागतो. अगदी बारीक फट पाणी शोषते. तसंच पाणी छज्ज्यालाही चिकटतं. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत एक खाच ठेवली तर त्याला चिकटून आत सरकणारं पाणी तिथे तुटतं आणि थेंब होऊन खाली पडतं. गिलावा ओला असताना एक पट्टी दाबून काढायची, एवढंच काम. ते हल्ली फार कमी घरांत केलेलं दिसतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एवढं झालं की मग रबर. शटरच्या खालच्या पट्टीला ईपीडीएम रबर लावावं. साधं रबर उन्हाने दोन-तीन वर्षांत तडकतं, स्वस्तातलं पीव्हीसी कडक होऊन जमिनीवर टेकायचंच सोडतं. समुद्राजवळच्या घरात स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. नाहीतर रबर शाबूत राहतं आणि स्क्रूची डोकी गळून पडतात. उंदरांचा वावर असेल तर रबराच्या आतल्या अंगाला बारीक स्टीलची जाळी. बाजूच्या चॅनलमध्ये पट्ट्यांना थोडी मोकळीक लागतेच, नाहीतर शटर अडकतं. वाऱ्याची शिट्टी येते ती तिथूनच. तिथे ब्रशच्या पट्ट्या बसवायच्या. चॅनल आणि भिंत यांच्यातली फट सीलंटने भरायची, तीही एप्रिलमध्ये, भिंत खणखणीत वाळलेली असताना. सुटत आलेल्या रंगावर सीलंट मारलं तर ते रंगासकट निघून येतं. पण चॅनलच्या तळाशी, बाहेरच्या अंगाला, चार बोटं जागा मी कधीच भरत नाही. वरून कुठून तरी शिरलेलं पाणी चॅनलमधूनच खाली येतं, त्याला बाहेर पडायला ती वाट लागते.

हे मी एका घरी शिकलो. निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. गाडीमागे एका फळीवर त्यांच्या वडिलांची वाजवायची पेटी, शेजारी गणपतीच्या मखराचं सामान. मी त्यांचं शटर चारही बाजूंनी घट्ट बंद केलं, तळाची चार बोटंही भरली, आणि फार समाधानाने घरी गेलो. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. "अरे, पाण्याचा थेंब नाही आला. पण पेटी बोलेना."

जाऊन पाहिलं. पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहत होत्या. भात्यावर पांढरी बुरशी. भजनाला बारा दिवस उरले होते.

पाणी आलं नव्हतं, पण ओल आली होती. रोज संध्याकाळी गाडी भिजून यायची, बादलीभर पाणी लादीवर निथळायचं. पूर्वी शटरखालच्या फटीतून वारा खेळायचा आणि सकाळपर्यंत लादी सुकायची. तो वारा मी बंद केला होता. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की २५ अंशांवर उतरलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. लादीला घाम फुटतो तो असा. आणि दमट हवेत लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत फुगतं. शेजारी शेजारी बसवलेल्या पट्ट्यांना फुगायला जागा कुठली?

पेटी दुरुस्तीला गेली. मी माझ्या खर्चाने उत्तर आणि पूर्वेच्या भिंतीत, म्हणजे पावसाच्या वाऱ्याकडे पाठ असलेल्या बाजूंना, दोन झरोके पाडले : एक गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक छताखाली. बाहेर उतरत्या पट्ट्या, आत डासांची जाळी. चॅनलचा तळ मोकळा केला. तेव्हापासून झरोक्यांशिवाय कुणाचं शटर मी बंद करून देत नाही. त्याला आणखी एक कारण आहे. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. शटर लावून इंजिन कधीही सुरू ठेवू नका, झरोके असले तरीही. आणि फटी बुजवलेल्या खोलीत तर तो वायू साठायला फार थोडा वेळ पुरतो.

काम झालं की तपासणी. आधी रात्री आत दिवा लावून बाहेर उभं राहायचं. जिथून उजेड दिसतो तिथे खूण. मग वारा असलेल्या दिवशी आतून कडेकडेने उदबत्ती फिरवायची, धूर जिथे वाकतो तिथे दुसरी खूण. शेवटी पाण्याची नळी, आणि ती खालून वर न्यायची. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं.

गुरुजी आता नाहीत. त्यांचा मुलगा दर मे महिन्यात बोलावतो. तो बाहेर नळी धरतो, मी आत शटर लावून उकिडवा बसतो आणि खालच्या पट्टीच्या कडेने तळहात फिरवतो. "काका, अजून वर नेऊ?" तो विचारतो. "थांब, डावीकडे अजून पाच मिनिटं," मी म्हणतो.