गावी जेवतो, कुवेतला का जेवत नाही?

सप्टेंबर उजाडला, सुट्टी संपवून कुटुंबं कुवेतला परतली, की मला दर आठवड्याला हीच तक्रार ऐकायला मिळते. "ताई, गावी दोन महिने काय छान जेवत होता! वरणभात, भाकरी, आजीच्या हातची पालेभाजी. इथे पाऊल ठेवलं आणि तोंड मिटलं." कारणही आईच सांगते: इथलं पाणी मानवत नाही, समुद्राचं पाणी गोडं करून देतात ना!

पाण्याचा यात काही दोष नाही. लहान मुलांच्या आहाराचं काम करताना मी औषधाचं नाव काढण्याआधी कालचा दिवस घड्याळाप्रमाणे सांगायला लावते. मग चित्र उलगडतं. रात्री मॉलमधून यायला अकरा, झोपायला बारा. सकाळी नऊला डोळे उघडताच दुधाची बाटली. दहाला दोन बिस्किटं, अकराला अर्धं केळं. एकला खिचडीचे दोनच घास गेले, म्हणून पोट भरायला पुन्हा बाटली. गाडीत रसाचा डबा, संध्याकाळी आणखी दूध, रात्री मोबाइलवर गाणी लावून भरवणं. दीड वर्षाच्या या बाळाने दिवसभर तोंड हलवलंय, पण त्याला भूक अशी लागूच दिलेली नाही.

गावी काय होतं? पोरगं उजाडताच उठतं, अंगणात उन्हातान्हात धावतं, चुलतभावंडांच्या पंगतीला बसतं. आजी दहा जणांना वाढत असते, त्यामुळे याने किती खाल्लं हे कोणी टक लावून बघत नाही. दूध मिळतं ते दोनदा, पेल्यातून. गावाकडचं हे वेळापत्रक साल्मियाच्या किंवा मंगाफच्या फ्लॅटमध्येही आणता येतं. माझं सगळं सांगणं एवढंच आहे.

पहिला वाढदिवस झाला की भूक कमी होते आणि ते अगदी नैसर्गिक आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. आई धास्तावते आणि घन आहार गेला नाही की दुधाने भर घालते. इथेच घोळ होतो. या वयाला दिवसभरात ४०० ते ५०० मिली दूध पुरे. त्याहून जास्त दुधाने पोट तर भरतं, पण दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय जेवणातलं लोह अंगी लागायलाही ते आड येतं. मूल फिकट दिसू लागतं, रक्त कमी होतं आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. बाटलीवर वाढलेली अशी गुबगुबीत पण निस्तेज मुलं बघितली की मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळणं आपल्या हातात असतं.

क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२०च्या दशकात अमेरिकेत एक विलक्षण प्रयोग केला. नुकतंच दूध सुटलेल्या मुलांसमोर त्यांनी साधे पदार्थ मांडले आणि काय, किती खायचं ते मुलांवर सोडलं. एखाद्या जेवणाला कोणी नुसतं एकच काहीतरी खाई, दुसऱ्या दिवशी त्याकडे ढुंकूनही बघत नसे. तरी मुलं उत्तम वाढली. १९३९ साली त्यांनी जे मांडलं त्यातली मेख मात्र लक्षात ठेवायला हवी: त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, बिस्किट नव्हतं. किती खायचं ते मुलाने ठरवावं, पण ताटात काय आणि केव्हा, ते आपणच ठरवायचं.

म्हणून तीन जेवणं आणि मधली दोन खाणी. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर आणि त्या वेळात फक्त पाणी. सकाळी नाचणीचं किंवा मुगाचं धिरडं, दुपारी मऊ वरणभात, वर तूप आणि लिंबू. हे लिंबू चवीपुरतं नाही, डाळीतलं लोह त्याने जास्त शोषलं जातं. चारला फळ आणि घट्ट दही. इथला लबनेही चालेल, कमी मिठाचा बघून घ्या. खजूर गोडाची हौस भागवायला चांगला, पण रक्त वाढवायला त्याच्यावर विसंबू नका.

मासे खाणाऱ्या घरांना तर कुवेत म्हणजे पर्वणी. इथली जुबैदी म्हणजे आपलं पापलेट. हळद-मीठ लावून वाफवलेला तुकडा बोटांनी चिवडून, काटा राहिला नाही ना हे दोनदा चाचपून, भातात कालवा आणि ताटली बाळासमोर ठेवा. खाली जुनी चादर अंथरा. निम्मा भात तिच्यावर सांडेल, सांडू दे. आणि शेजारच्या कुवेती घरातून मुमव्वश आला तर नाही म्हणू नका. तांदूळ आणि मूग एकत्र शिजवून सुक्या कोळंबीबरोबर खातात. खिचडी आणि सोडे खात वाढलेल्या कोकणी माणसाला याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. बाळाला देताना फक्त मीठ आणि तिखट बेताचं बघा.

अख्खे शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं मात्र या वयाला नकोत, घशात अडकतात. दाण्याचं कूट भाजीत घाला, द्राक्षं उभी चिरून चार भाग करा.

उन्हाळ्याचा प्रश्न खराच कठीण आहे. २०१६च्या जुलैमध्ये इथे मित्रिबाला ५३.९ अंश नोंदले गेले. असल्या उन्हात लेकराला बाहेर काढायचं कसं? मूल एसीत कोंडलं जातं, दमत नाही, भूक लागत नाही. एवढं ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता या देशात घरोघर दिसते. त्याचे थेंब डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. घरातच गाद्या टाकून उड्या मारू द्या. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मात्र एकही सकाळ वाया घालवू नका. त्याच दिवसांत वफ्रा आणि अब्दलीच्या शेतांवरची ताजी भाजी बाजारात येते. मुलाला सोबत नेऊन त्याच्या हातानेच काकडी, टोमॅटो पिशवीत टाकायला लावा.

बाटली कमी करताना पहिले दोन-चार दिवस रडारड होईल. आजीचा व्हिडिओ कॉल येईल, "अगं, दे की त्याला थोडं दूध." तेव्हा घट्ट राहायचं, पण रागवायचं नाही. जे मांडलंय ते मांडलंय. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताटली उचलायची, पुढचं खाणं वेळेवर द्यायचं. बाबा संध्याकाळी कामावरून आले की रात्रीचं जेवण सातला सगळ्यांनी एकत्र, खाली बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मॉल शुक्रवारी दुपारीही उघडाच असतो.