डावा खांदा

खुटबावात मला सगळे ‘डावऱ्या’ म्हणूनच हाक मारतात. आजीने हातावर चापट्या मारून घास उजवीकडे आणला. विळा मात्र डावाच राहिला.

एन.सी.सी.त .२२ रायफल हाती आली, तर तिचा बोल्टही उजव्यांच्याच सोयीचा! डाव्या खांद्याला लावली की प्रत्येक गोळीनंतर हात रायफलीवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, पुन्हा नेम धरायचा. उस्ताद म्हणाले, “खांदा बदल.” खांदा बदलेल हो, पण डोळा? माझा नेमाचा डोळा डावा.

उसात रानडुकरे शिरतात म्हणून आप्पा म्हणाले, “हलकीशी डावी बंदूकच घेऊ की तुला!” अशा डाव्या बोल्टच्या शिकारी रायफली विलायतेत मिळतात. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडची शिकारीची हौस संपवली. ते बरेच झाले. शिवाय हलकेपणा डोंगर चढणाऱ्याच्या कामाचा. पडून नेम धरणाऱ्याला थोडे वजनच बरे, नळी डुलत नाही.

तेव्हा निवडायला उरला फक्त खांदा. पाच गोळ्यांना मला इतरांहून जास्त वेळ लागतो. पुढच्या शिबिरातही रायफल डाव्याच खांद्याला लागणार. उस्तादांना तसे सांगून ठेवले आहे.