३८४ फॉर्म आणि एक कंपाउंड

एम.कॉम.च्या तिसऱ्या सत्रात प्रकल्पासाठी माझ्याकडे जे विषय येतात, त्यांतल्या बहुतेकांना एकच शेपूट असतं: ‘वसई-विरार शहराच्या विशेष संदर्भात’. त्याच्या आधी कधी ऑनलाइन खरेदी असते, कधी यूपीआय, कधी म्युच्युअल फंड. शेपूट कापून तिथे नाशिक जोडलं तरी आतलं एक वाक्य हलत नाही.

नमुना किती घेणार, असं विचारलं की उत्तर तयार असतं: ३८४. हा आकडा क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली छापलेल्या तक्त्यातला. दहा लाखांच्या लोकसंख्येपुढे तो दिलेला आहे, आणि २०११ च्या जनगणनेत वसई-विरार बारा लाखांच्या वर होतं, म्हणून बसतोही चपखल. पण तक्त्याची एक अट आहे. निवडलं जाण्याची संधी प्रत्येकाला सारखी हवी. आपला गूगल फॉर्म जातो वर्गाच्या ग्रुपवर, मग क्लासच्या जुन्या ग्रुपवर, मग मामेबहिणीकडे. ३८४ भरतात खरे, पण त्यातून कळतं ते विद्यार्थिनीच्या फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर आहेत एवढंच.

पूर्वी हे चालून जायचं. खरं संशोधन एम.फिल.ला शिकू, असं म्हणायची सोय होती. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. बंद केलं. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आता पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, तिसऱ्यात चार क्रेडिटचा प्रकल्प आणि चौथ्यात सहा क्रेडिटचा. ८८ पैकी १४ क्रेडिट संशोधनाचे. त्यामुळे वाणिज्यात संशोधन म्हणजे काय, हे इथेच शिकायचं किंवा थेट पीएच.डी.ला जाऊन ठेचकाळायचं.

माझ्या एका विद्यार्थिनीने वसईतल्या वालीवमधला एक गाळा धरला. पत्र्याच्या भागांवर पावडर कोटिंग करून देणारा जॉबवर्कवाला. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच होता: लघुउद्योगांना पैसे उशिरा मिळतात का? शेठ हसले. हे विचारायला कॉलेज कशाला लागतं, म्हणाले. मी तिला सांगितलं, त्यांना काही विचारू नकोस, फाइल माग.

फाइलमध्ये एका कामाच्या तीन तारखा सापडल्या. माल परत पाठवल्याचं चलन ३ तारखेचं. त्यावर पार्टीच्या, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीच्या, स्टोअरचा शिक्का आणि सही, ४ तारीख. बिल मात्र महिनाभराच्या चलनांचं मिळून ३१ ला. जॉबवर्क ही जीएसटीत सेवा धरली जाते आणि सेवेचं बिल तीस दिवसांत काढलं तरी चालतं, त्यामुळे यात वावगं काहीच नाही. पण २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात मुदत मोजतात ती काम स्वीकारल्याच्या दिवसापासून. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५. पार्टीचा अकाउंटंट मोजतो ३१ पासून. म्हणजे घड्याळ सुरू होण्याआधीच २७ दिवस गेलेले, आणि ते कोणाच्याच थकबाकीच्या यादीत दिसत नाहीत.

इथे तिचा प्रश्न बदलला. पैसे उशिरा मिळतात का, याऐवजी उशीर कुठल्या कागदावरून मोजायचा? २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात कलम ४३बी(एच) आणलं. सूक्ष्म वा लघु उद्योगाचं देणं या मुदतीत दिलं नाही, तर ज्या वर्षी ते प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळते. बिलाच्या तारखेवरून पाहिलं तर वेळेत वाटणारं पेमेंट चलनाच्या शिक्क्यावरून पाहिलं की मुदतीबाहेर जातं. असा प्रश्न पाच ठिपक्यांच्या ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ पट्टीवर विचारून दाखवावा कोणी.

नमुन्याचं काय, हा पेच उरलाच होता. त्यावर मी मुलांना हॅरॉल्ड मॅन यांचं उदाहरण देते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हे प्राचार्य. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतलं आणि तिथली जमीन, कर्ज, मिळकत खणून काढली. १९१७ साली छापलेलं ते काम आजही अभ्यासक उघडतात. वालीव, सातिवली, गोखिवरे इथे भिंतीला भिंत लागून गाळे आहेत. शहरभरातून ३८४ विखुरलेली मतं गोळा करण्यापेक्षा एका कंपाउंडचे सगळे गाळे घ्यावेत. जे दार उघडत नाहीत त्यांचीही नोंद करावी. नकार हीसुद्धा माहिती असते.

नकार येतोच. शेठनी फाइल दिली ती पार्ट्यांची नावं झाकायच्या बोलीवर, म्हणून तिच्या तक्त्यात पार्ट्या क१, क२ अशा आहेत. व्याजाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, कायद्याने व्याज मिळतं, माहीत आहे. मागितलं तर एकदा मिळेल. पुढच्या महिन्याचं काम कोण देणार?” बँक दराच्या तिप्पट, तेही महिन्याला चक्रवाढ, असं हे व्याज आहे, कागदावर जबर. ते कोणी मागत का नाही, हा दुसरा प्रबंध.

विषयांची इथे वाण नाही. आगाशीच्या राजेळी केळ्यांच्या सुकेळीत वाळवणाऱ्याच्या हाती किती पडतं आणि दुकानदाराच्या किती? पहाटेच्या लोकलने दादरला फुलं नेणाऱ्या बाया हिशोब कसा ठेवतात? अर्नाळ्याचे सुके बोंबील उधारीवर किती दिवस फिरतात? १९१८ पासून चालत आलेल्या बसीन कॅथलिक बँकेसारख्या सहकारी बँकेत तिसऱ्या पिढीचा खातेदार का टिकतो? यातल्या एकाचंही उत्तर तयार प्रश्नावलीत मिळणार नाही.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र आधी करावी लागते. दुसऱ्या सत्रात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, असतं, चार क्रेडिटचं. बरीच मुलं ओळखीच्या सीएकडून पत्र आणून ते उरकतात. तेच एखाद्या गाळ्यात करावं, चलनं लावायला बसावं, टॅलीत नोंदी घालाव्यात. तिसऱ्या सत्रात अनोळखी माणूस म्हणून फाइल मागितली तर मिळत नाही. चार महिने ती फाइल जिने लावली तिला शेठ स्वतःच कपाटाची किल्ली देतात. या वर्षी तिघींनी तसं केलंय. त्यांच्या विषयांना अजून शीर्षकं नाहीत, आणि मी घाई करत नाहीये.